भिंतीला बुरशी धरू नये म्हणून

2024च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी आलं, तेव्हा आमच्या माजघराच्या भिंती कमरेइतक्या भिजल्या. दिवाळीआधी घर उजळावं म्हणून घाईने प्लास्टिक पेंट मारून घेतला. पुढच्या श्रावणात आजीचं कपाट ओढलं, तर मागे मोहरीएवढे काळे ठिपके आणि रंगाला फुगे. एक फुगा नखाने फोडला. आतला गिलावा ओलाच होता.

बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, ते अडवता येत नाहीत. ओल आणि खाणं मात्र आपल्या हातात आहे. म्हणून रंग निवडण्याआधी भिंत तपासा. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर ओल भिंतीत आहे, बाहेरून धरलं तर खोलीच्या हवेत. भिंतीवर पांढरं काही फुललं असेल तर पाणी शिंपडून बघा. विरघळलं तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून आलेला क्षार, बुरशी नव्हे.

भिंतीतली ओल असेल तर आधी गळका पाइप, तुंबलेली पन्हळ बघा. मग सगळा प्लास्टिक रंग खरवडा. बुरशी कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, नाकाला मास्क बांधा. त्यावर पाण्यात विरवलेला कळीचा चुना द्या. ताज्या विरवलेल्या चुन्याचा पीएच 12च्या वर असतो, म्हणजे तो फार तिखट अल्कली असतो, त्यात बुरशी तग धरत नाही. शिवाय भिंतीतली वाफ त्यातून बाहेर पडते. ताकाइतका पातळ, तीन हात, प्रत्येक हाताआधी भिंत किंचित ओली करून. डोळ्यांना चष्मा हवाच, चुना डोळ्यांत गेला तर फार वाईट.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, तसा त्याचा हा तिखटपणा उतरतो. म्हणूनच दरवर्षी दिवाळीला पुन्हा हात द्यायची आपली रीत मला इतकी पटते. रंगारी चुना अंगाला लागू नये म्हणून त्यात सरस (गोंद) घालतात. तिखटपणा उतरला की तोच सरस बुरशीचं खाणं होतो. मी तो घालू देत नाही. पाठ टेकली तर थोडा चुना लागेल, लागू दे.

न्हाणीघरात उलट करायचं. तिथे पाणी शिरूच नये, म्हणून टाइल्सच्या सांध्यांत एपॉक्सी भरा.

आजीचं कपाट आता भिंतीपासून चार इंच पुढे असतं. आणि चुन्याच्या भिंतीवर व्हिनेगर कधी मारू नका, आम्लाने चुनाच विरघळतो.