हात न लावता स्वतःचे ठोके मोजून बघा

पाच मिनिटांचं काम आहे. फक्त जिना चढून आल्या आल्या नको, तेव्हा छातीत धडधडतंय हे कुणालाही कळतं.

खुर्चीत बसा पण पाठ टेकू नका, टेकली की पाठीला ठोके लागतात आणि ती चीटिंग होते. हात मांडीवर सुटे ठेवायचे. मोबाईलवर 30 सेकंदांचा टायमर लावा, डोळे मिटा आणि आतून जे ठोके खरंच जाणवतील तेवढेच मोजा, अंदाजपंचे नाही. एकही नाही जाणवला तर शून्य लिहा, लाजायचं काय त्यात. मग लगेच मनगटावर दोन बोटं ठेवून परत 30 सेकंद नाडी मोजा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःचीच नाडी मधे येते.

माझे पहिल्यांदा आतून आले 11 आणि नाडीचे 37! दुसऱ्या वेळी 34 आले, मी खूश, मग लक्षात आलं की आकडा माहीत होता म्हणून मनातल्या मनात तालच धरला होता. राइनर शॅन्ड्री या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1981 मध्ये अशीच टेस्ट वापरली होती आणि तिच्यावर आक्षेप आहे तो नेमका हाच, लोक ठोके मोजतात की अंदाज, हे कसं ओळखणार?

आत काय चालतं, तर प्रत्येक ठोक्याला मानेतली आणि हृदयाजवळची मोठी धमनी ताणली जाते, तिथले सेन्सर ती खबर मेंदूच्या देठाकडे पाठवतात आणि तिथून ती इन्सुलापर्यंत जाते, म्हणजे मेंदूच्या कडेच्या घडीत लपलेला भाग. व्हेगस नर्व्ह म्हणजे मेंदूच्या देठापासून हृदय, पोटापर्यंत जाणारी लांब नस, तिच्यातले बहुतेक तंतू तर मेंदूचे हुकूम खाली आणणारे नाहीतच, शरीराची खबर वर नेणारे आहेत.

आता खरी गंमत. बोटं नाडीवरच ठेवा, 4 आकड्यांत श्वास आत, 6 आकड्यांत बाहेर, मिनिटाला साधारण 6 श्वास. घेताना नाडी किंचित पळते, सोडताना रेंगाळते, बोटाखाली चक्क कळतं (तरुणांना जास्त, वयानुसार हा फरक कमी होतो). जोर लावून श्वास ओढू नका, गरगरलं तर थांबा. ठोक्यांकडे लक्ष दिलं की घाबरायला होत असेल तर मोजणं सोडा, नुसता श्वास करा. आणि ठोके वारंवार चुकल्यासारखे वाटत असतील तर टायमर बाजूला ठेवून डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढा.

मी रात्री झोपायच्या आधी करते. मांजर मांडीवर येऊन बसली तर त्या दिवशीचा आकडा बाद, तिचीच घुरघुर मोजली जाते.