मॉड्युलर लॅपटॉप उघडताय? आधी या चुका टाळा

मॉड्युलर लॅपटॉपचा (म्हणजे ज्याचे भाग आपल्याला काढून बदलता येतात त्याचा) बिघाड अनेकदा सांध्यात निघतो. कनेक्टरवर मळ बसलेला असतो, केबल अर्धवट बसलेली असते, किंवा घाईत कव्हर ओढून कोणीतरी पट्टीसारखी केबल फाडलेली असते. मुंबईत त्यात जून ते सप्टेंबरची दमट हवा आणि बारमाही खारा वारा. म्हणून ‘पार्ट गेला’ म्हणण्याआधी तो काढा, पुसा आणि परत नीट बसवून बघा. पुढचा मजकूर फ्रेमवर्क कंपनीचा ‘लॅपटॉप १३’ हा मॉड्युलर लॅपटॉप समोर ठेवून लिहिला आहे.

कार्ड ओळखत नाही म्हणून नवं मागवणं

या लॅपटॉपचे पोर्ट म्हणजे बाजूच्या खाचांत बसणारी छोटी, बदलता येणारी कार्डं. यूएसबी किंवा एचडीएमआयच्या कार्डाचा संपर्क अधूनमधून तुटत असेल, तर ते आधी दुसऱ्या खाचेत लावा. तिथे नीट चाललं तर कार्ड निर्दोष आहे, बहुधा खाच मळली आहे. झीज म्हणाल तर कार्ड आत यूएसबी-सीने जोडलं जातं, आणि ही जोडणी १०,००० वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेली असते. दिवसाला दोनदा कार्ड बदललंत तरी तेरा वर्षं सहज निघतील.

साफ करताना लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. मऊ ब्रशला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा (थेट खाचेत ओतू नका), आतली पातळ जीभ हलकेच घासा आणि पूर्ण वाळू द्या. कापसाचे तंतू आत अडकतात. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातं, आणि सेफ्टी पिनेचं तर नावच नको. खाच रिकामी ठेवू नका. न लागणारं कार्डही लावूनच ठेवा, धूळ आत जात नाही.

स्क्रू फिरवतच राहणं

खालचे पाच टी५ (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू पूर्ण बाहेर येत नाहीत, ते मुद्दाम तसेच केलेले आहेत. सैल झाले की थांबा. जोर लावलात तर डोकं घासतं आणि मग साधं काम अवघड होतं.

यानंतरची चूक महागात पडते. कीबोर्डचं कव्हर लोहचुंबकांनी धरलेलं असतं, म्हणून लोक ते झटक्यात उचलतात. पण खालून त्याची पट्टीची केबल मदरबोर्डला जोडलेली असते. कव्हर थोडंसं उचला, केबलचा कनेक्टर सरळ वर काढा, मगच बाजूला ठेवा. परत बसवताना कनेक्टर दोन्ही टोकांना सारखा दाबा. कीबोर्ड आणि टचपॅड एकाच वेळी बंद पडले, तर नवा कीबोर्ड शोधण्याआधी ही केबल बघा. पॉवरचं बटणही याच कव्हरवर आहे, त्यामुळे केबल सुटली की लॅपटॉप मेल्यासारखा वाटतो.

काळा पडदा पाहून घाबरणं

डीडीआर५ (डीडीआर४ च्या पुढच्या पिढीची) रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो, कारण बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. मध्येच बटण दाबून बंद करू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात रॅम घ्यायला जाताना ‘लॅपटॉपची, सो-डिम’ (लॅपटॉपच्या रॅमची छोटी पट्टी) एवढं सांगून भागत नाही. इंटेलच्या ११व्या ते १३व्या पिढीच्या बोर्डांना डीडीआर४ लागते, एएमडीच्या रायझन ७०४० मालिकेच्या बोर्डाला डीडीआर५. बोर्ड बदललात की जुनी रॅम चालेलच असं नाही.

११व्या पिढीच्या बोर्डाची आणखी एक खोड आहे. मे महिन्यात गावी जाताना लॅपटॉप कपाटात ठेवला आणि मुख्य बॅटरी पूर्ण उतरली, की घड्याळाची छोटी सेलही (एमएल१२२०) रिकामी होते आणि लॅपटॉप चालूच होत नाही. दुकानात नेण्याआधी चार्जर २४ तास लावून ठेवा.

भिजल्यावर तांदळात ठेवणं

तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट पीठ सोडतो. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा, भिजलेली जागा अल्कोहोलने पुसा. पाणी सुकतं, मागे राहिलेले क्षार गंज आणतात. कडाक्याच्या एसीतून दमट हवेत आलात, तर लॅपटॉप अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर थंड धातूवर दव धरतं.

बॅटरी फुगली की टचपॅड क्लिक होईनासा होतो किंवा वर उचलला जातो. लगेच वापर थांबवा, दाबून बसवू नका, टोचू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्याचे नियम कडक आहेत, त्यामुळे नवी यायला वेळ लागतो. सतत चार्जरवर काम असेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) चार्जची मर्यादा ८० टक्के ठेवा.

पडदा मांडीवर मागे पडत असेल, तर बिजागरी वाकवून घट्ट करायला जाऊ नका. बिजागरीची पडदा धरण्याची ताकद किलोत मोजतात; जुनी ३.३ किलोची असेल तर ४ किलोची जोडी घाला, आणि दोन्ही बाजूंना एकदमच.