मॉडेल विमान नीट उडत नाही? चाचणीतल्या या चुका टाळा

बाल्सा किंवा थर्माकोलचे ग्लायडर कोसळले की नाकावर वजन, शेपटीला वाक आणि फेकण्याचा जोर हे सारे एकाच वेळी बदलले जाते. मग पुढचे उड्डाण सुधारले तरी ते कशामुळे सुधारले हे कळत नाही. माझ्या मते बांधणीतल्या दोषांपेक्षा ही चूक अधिक नुकसान करते. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत नोंदवावा आणि दोन-तीन फेकींनंतरच निष्कर्ष काढावा. राइट बंधूंच्या १९०१ च्या ग्लायडरला अपेक्षेपेक्षा कमी उचल मिळाली, तेव्हा त्यांनी वातबोगदा (वाऱ्याचा झोत सोडून आकार तपासण्याची नळी) बांधून पंखांचे सुमारे २०० आकार तपासले आणि १९०२ चे ग्लायडर त्या मोजमापांच्या आधारे घडवले.

दुसरी चूक म्हणजे समतोल न तपासता विमान फेकणे. सरळ पंखाच्या साध्या ग्लायडरची पंखरुंदी (पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे अंतर) १२ सेंमी असेल, तर गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोलून राहते तो बिंदू, पुढच्या कडेपासून साधारण ३ ते ४ सेंमीवर असावा. पंखाखाली दोन बोटे धरून तो लगेच पाहता येतो. विमान नाक वर करून थबकते, खाली झेपावते आणि पुन्हा वर येते, तेव्हा शेपटी जड असण्याची शक्यता असते. पण फार जोरात फेकल्यानेही नेमके हेच घडते. म्हणून आधी नाक किंचित खाली ठेवून, वारा येतो त्या दिशेला तोंड करून, हलक्या हाताने सोडून पाहावे. तरीही ते तसेच वागले, तरच नाकाला चिमूटभर चिकणमाती लावावी. समतोल योग्य असूनही विमान सरळ खाली जात असेल, तर आडव्या शेपटीची मागची कड अगदी थोडी वर वळवावी.

एकाच बाजूला वळणाऱ्या विमानाचे पंख मागून पाहावेत, कारण त्यांत बहुधा पीळ असतो. बाल्साचा पीळ वाफेवर हलकेच काढता येतो. थर्माकोलवर मात्र हा उपाय करू नये.

चाचणीसाठी वारा पडलेली सकाळ आणि गवताळ मैदान निवडावे. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे शहराबाहेरची मोकळी जागा बरी. रेडिओ नियंत्रणाचे विमान असेल, तर ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी परिसर लक्षात घेऊन डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा आधी तपासावी.