पंप जवळ नसताना दम्याचा झटका आला तर

सातारा-सांगली भागात ऊस तुटून गेला की फडात पाचट पेटवले जाते, पुढे हळद शिजवून पॉलिश होऊ लागली की तिची धूळ उडते, आणि कृष्णाकाठची पहाटेची थंडी तर आधीपासूनच असते. दमेकऱ्याला हे महिने जड जातात. अशा वेळी झटका आला आणि पंप (इनहेलर) घरी राहिला असेल किंवा संपला असेल, तर एक गोष्ट आधी मान्य करावी: आकसलेल्या श्वासनलिका लगेच मोकळ्या करील असे काहीही स्वयंपाकघरात नसते. खाली सांगितलेले उपाय पंप किंवा दवाखाना गाठेपर्यंत तग धरण्यासाठी आहेत. म्हणून ते करत असतानाच दुसऱ्या कोणीतरी गाडीची सोय करावी किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णाला धूर, धूळ, उदबत्ती किंवा फोडणीच्या ठसक्यापासून दूर न्यावे, मात्र उघड्या गार वाऱ्यात बसवू नये. त्याला आडवे झोपवू नये. खुर्चीवर ताठ किंवा किंचित पुढे झुकवून, हात मांडीवर अगर समोरच्या टेबलावर टेकवून बसवावे आणि गळ्याजवळचे व कमरेचे कपडे सैल करावेत. दम्यात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अवघड जाते आणि घाबरून भराभर श्वास घेतल्यास छातीत अडकलेली हवा वाढतच जाते. यासाठी नाकाने श्वास घेऊन, दिवा विझवताना करतो तसे ओठ करून, तो सावकाश बाहेर सोडायला सांगावे. जवळच्या माणसाने रुग्णाबरोबर स्वतःही तसाच श्वास घेत राहिल्यास त्याला लय सापडते. भोवतीची गर्दी मात्र हटवावी.

शेजारीपाजारी कोणाकडे सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉल या श्वासनलिका लगेच मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप आहे का, हे तातडीने विचारावे. एरवी दुसऱ्याचे औषध घेऊ नये हे खरे, पण या प्रसंगी संकोच करणे अधिक धोक्याचे आहे. रंगावरून अंदाज न करता पंपावरील नाव वाचावे, कारण रोज घ्यायचे काही पंप झटक्यात लगेच उपयोगी पडत नाहीत. पंप हलवून एका वेळी एकच फवारा द्यावा, अर्ध्या ते एक मिनिटाने पुढचा, असे गरजेनुसार दहापर्यंत द्यावेत. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) नसल्यास अर्धा लिटरच्या स्वच्छ, कोरड्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे छिद्र पाडून काम भागवता येते.

कडक कॉफीने श्वासनलिका थोड्या सैल होतात, पण इतक्या थोड्या की तिच्या भरवशावर थांबणे चूक ठरेल. वाफारा, ओव्याची धुरी आणि छातीला चोळायचे उग्र वासाचे मलम टाळावे, कारण त्यांनी कित्येकांची उबळ वाढते. झोपेचे औषध तर मुळीच देऊ नये. दम्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला वेळ लागतो.

एका दमात वाक्य पुरे करता न येणे, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, ग्लानी येणे ही जिवावरची लक्षणे होत. आधी मोठ्याने ऐकू येणारी घरघर रुग्णाला आराम न पडता थांबली, तर ती सुधारणा समजू नये. हवा आतबाहेर होणेच कमी झालेले असते. पाटण खोऱ्यातल्या किंवा जतकडच्या वाडीवरून निघायचे असेल, तर ‘सकाळी बघू’ म्हणून रात्र काढू नये. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्यापेक्षा चारचाकी मिळवावी आणि तीतही रुग्णाला बसूनच न्यावे. आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा खासगी दवाखान्यात फोन करून नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून श्वासावाटे देणारे यंत्र) व ऑक्सिजन आहे का, हे विचारावे. नसल्यास थेट सातारा, कराड, सांगली किंवा मिरजेचे मोठे रुग्णालय गाठावे.

वाटेतच आराम पडला तरी गाडी परत फिरवू नये, कारण काही तासांनी झटका पुन्हा उलटू शकतो.