बँकॉकचा पहिला दिवस: या चुका टाळा

मुंबईहून मध्यरात्री निघालेलं विमान बँकॉकला पहाटे उतरतं. घड्याळ दीड तास पुढे गेलेलं, झोप अर्धवट, आणि हॉस्टेलमधला पलंग बहुतेक ठिकाणी दुपारी दोनच्या आत मिळत नाही. अशा पेंगुळलेल्या अवस्थेत माणूस समोर येईल त्याचं ऐकतो. पहिल्या दिवशीचे बरेचसे पैसे याच तासांत जातात.

"आज राजवाडा बंद आहे"

ग्रँड पॅलेस या प्रसिद्ध राजवाड्याबद्दलची ही थाप कित्येक वर्षं जुनी आहे, तरी नवखे लोक तिला अजून फसतात. राजवाड्याभोवतीची तटबंदी सुमारे 1.9 किलोमीटर लांब. दरवाजे बरेच, पण पर्यटकांनी आत शिरायचं ते उत्तरेकडच्या ना फ्रा लान रस्त्यावरच्या विसेत चाई सी दरवाजाने. टॅक्सी भलत्याच बाजूला सोडते, समोरचा दरवाजा खरोखरच बंद दिसतो, आणि तेवढ्यात नीटनेटक्या कपड्यांतला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला गृहस्थ जवळ येतो. आत धार्मिक समारंभ आहे, एक वाजता उघडेल, तोवर दोन देवळं पाहून या, असं म्हणत नकाशावर पेनाने गोल काढून देतो. टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, शेजारीच उभी. सगळ्या फेरीचे फक्त 20 बाट (बाट म्हणजे थायलंडचं चलन).

पहिल्या देवळात आणखी एक सज्जन भेटतो. गप्पांच्या ओघात सांगतो, रत्नांच्या करमुक्त विक्रीचा आज शेवटचा दिवस. दोन अनोळखी माणसांचं बोलणं जुळलं की शंका मिटते, आणि डाव उभा असतो तो नेमका त्यावरच. दोघं एकाच साखळीतले असतात. गिऱ्हाईक दुकानात नेलं की टुकटुकवाल्याला पेट्रोलचं कुपन किंवा दलाली मिळते, म्हणून 20 बाटचं भाडं त्याला परवडतं. दुकानातला खडा खरा निघाला तरी किंमत अवाच्या सवा लावलेली असते आणि पैसे परत मिळणं जवळपास अशक्य.

राजवाडा साधारणपणे रोज सकाळी 8.30 ते दुपारी 3.30 उघडा असतो, तिकीट 500 बाट. राजघराण्याच्या समारंभांमुळे कधीकधी खरंच बंद ठेवतात, ते राजवाड्याच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री पाहून ठेवावं. रस्त्यावर कुणी काहीही सांगो, तटबंदीच्या कडेने चालत तिकीट खिडकीपर्यंत जायचं आणि तिथेच विचारायचं. फसवणूक झालीच तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155.

गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या बनियनवर ओढणी घेतली तर इथे चालत नाही. बाह्यांचा सुती शर्ट पिशवीत वरच ठेवावा.

आठ किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं, हा हिशेब

पुण्या-मुंबईत वाहतूक कोंडीत जन्म गेलेली माणसं इथे मात्र नकाशावरचं अंतर पाहून टॅक्सी बोलावतात. सुखुमवित भागातून जुन्या शहरात, म्हणजे राजवाड्याकडे, गर्दीच्या वेळी रस्त्याने तास सहज मोडतो. दुपारी एकला निघालेले लोक राजवाड्यात उरलेल्या तासाभरात धावत फिरतात. सुखुमवित स्थानकावरून एमआरटी या मेट्रोच्या निळ्या मार्गाने थेट सनाम चाईला उतरावं. वात फो हे देऊळ अगदी जवळ, राजवाड्याचा दरवाजा पंधराएक मिनिटांच्या चालीवर. 2019 पासून हे स्थानक सुरू आहे, तरी लोक टॅक्सीत घाम गाळत बसतात याचं वाईट वाटतं.

नदीतून जायचं असेल तर बीटीएस या उंचावरून धावणाऱ्या गाडीने सयामला गाडी बदलून सफान ताक्सिन, खाली साथोन धक्का, तिथून नारिंगी झेंड्याची बोट. साधारण 16 बाट. धक्क्यावर आधी निळ्या पर्यटक बोटीचं महाग तिकीट पुढे करतात. "नारिंगी झेंडा" असं स्पष्ट सांगावं आणि "था चांग" धक्क्यावर उतरावं.

बीटीएसचं रॅबिट कार्ड एमआरटीच्या निळ्या मार्गावर चालत नाही. एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवता येतं, पण आपल्या बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला आणि स्पर्श-व्यवहाराचा (कॉन्टॅक्टलेस) पर्याय घरूनच चालू करून ठेवलेला हवा. फाटकाशी उभं राहून ओटीपीची वाट पाहणाऱ्यांमागे रांग लागते.

शाकाहारींनी "नो मीट" एवढंच म्हणणं

मांस काढतात, फिश सॉस म्हणजे नाम प्ला राहतोच. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत "เจ" दिसलं की तिथे जेवावं. उच्चार "जे". त्यात अंडं, दूध, कांदा, लसूण काहीच नसतं, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही सोयीचं. इतरत्र "माई साई नाम प्ला", म्हणजे फिश सॉस घालू नका, असं म्हणावं. वरण-भाताची आठवण अनावर झाली तर साम योत स्थानकाजवळच्या फाहुरातमध्ये भारतीय खाणावळी आहेत.

थोडक्यात

आगमनाचा डिजिटल फॉर्म 1 मे 2025 पासून सक्तीचा आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचा, फुकट असतो. पैसे मागणारं संकेतस्थळ लगेच बंद करावं.

सुवर्णभूमी विमानतळावर चलन वरच्या मजल्यावर बदलू नये. तळघरात रेल्वेजवळच्या काउंटरवर दर बरा मिळतो. तिथूनच गाडी शहरातल्या फया थाई स्थानकाला जाते, जास्तीत जास्त 45 बाट.

एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून जास्त बाट कापतं, म्हणून एकदाच काढावं. रुपयांत रूपांतर करू का, असं यंत्राने विचारलं तर नकार द्यावा.

टॅक्सीचं मीटर 35 बाटपासून सुरू होतं. चालक मीटर टाकत नसेल तर दार उघडून उतरावं.

ई-सिगारेट घरीच ठेवावी, तिथे बंदी आहे.