चवथीच्या खतखत्यात घरचा मका हवाय? मग तयारीला आत्ताच लागा

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी आणि खतखतं म्हणजे त्या दिवशीची आमची डाळ घातलेली मिश्र भाजी. पहिलं काम, कॅलेंडर काढा आणि चवथीच्या तारखेवरून ८० दिवस मागं मोजा, तिथं पेनानं गोल करा. स्वीट कॉर्न पेरल्यापासून साधारण ७५ ते ८५ दिवसांत काढायला येतो आणि आमच्या गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणजे चवथ ऑगस्टच्या शेवटी असली तर पहिल्या पावसाबरोबरच बी मातीत पडायला हवं, सप्टेंबरच्या मध्यावर असली तर जून अखेरपर्यंत चालतं. मी एका वर्षी "बघू, पडू दे जरा पाऊस" करत बसले आणि गणपती आले तेव्हा परसात नुसते तुरे डोलत होते, खतखत्यातला मका शेवटी बाजारातून आणला आणि तो पिशवीतून काढताना सासूबाई काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

जागा आत्ताच ठरवून ठेवा आणि मे महिन्यातच खणून शेणखत घाला, कारण एकदा पाऊस लागला की फावडं उचलवत नाही. ऊन पाहिजे, माडाखाली लावू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी साचता कामा नये. मक्याला पाणी लागतं पण मुळं बुडालेली अजिबात चालत नाहीत, दोन दिवस पाणी तुंबलं की पानं पिवळी. म्हणून सपाट वाफा नको, वीतभर उंच वरंबे करा आणि मध्ये पाणी जायला वाट ठेवा. छपराच्या पागोळ्या जिथं पडतात ती जागा तर सोडाच, मी तिथं पेरलेलं बी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या गेटजवळ सापडलं होतं. आपली जांभ्याची लाल माती आंबट असते, चुलीची राख असेल तर तीही मिसळा.

बियाणं आणताना स्वीट कॉर्नचंच पाकीट मागा. दाणे सुरकुतलेले, चिमलेले दिसतात, ते खराब नसतात, गोड मक्याचं बी तसंच असतं. गुलाबी रंगाचं असेल तर औषध लावलेलं आहे, उरलेलं कोंबड्यांना टाकू नका. खाल्लेल्या कणसाचे दाणे वाळवून पुढल्या वर्षी लावायचा मोह होतो पण ते हायब्रीड असतं, पुन्हा तसंच येत नाही. शेजारी कुणी साधा मका किंवा पॉपकॉर्नचा मका त्याच दिवसांत लावणार असेल तर आधी बोलून घ्या, त्याचा पराग आपल्या कणसावर पडला की दाणे गोड न होता पिठूळ होतात.

आता लावायचं कसं, इथं बहुतेक जण चुकतात, मीही चुकले. कुंपणाच्या कडेनं एकच लांब ओळ लावली, दिसायला झकास, कणसं सोलली तर आत म्हाताऱ्याचं बोळकं, चार दाणे इकडे दोन तिकडे. मग कळलं. मक्याचा तुरा वर असतो तो नर, कणसाच्या टोकाला केस येतात ती मादी, आणि त्यातला एकेक केस म्हणजे आतला एकेक दाणा, ज्या केसावर पराग पडला नाही तो दाणा भरतच नाही. पराग वाऱ्यानं उडतो, एका ओळीत लावलं की सगळा रस्त्यावर. म्हणून दहा बाय दहा फुटांचा चौकोन धरा, ओळींत दोन फूट, रोपांत वीतभर, निदान चार ओळी तरी हव्यातच. एका खड्ड्यात दोन बिया, दोन बोटं खोल, पुढे अशक्त रोप उपटायचं. आणि तुरा आला त्या दिवसांत पाऊस थांबतच नसेल तर उघडीप मिळाली की सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला कागदी पिशवीत तुरा झटकायचा आणि ती पिवळी पूड केसांवर भुरभुरायची. माझ्या मुलाला हे काम फार आवडतं, शाळेत मात्र कुणाला सांगत नाही.

खताचं थोडक्यात, मका खादाड आहे. युरिया देणार असाल तर एकदम देऊ नका, आपल्या पावसात सगळा वाहून जातो, गुडघाभर झाल्यावर थोडा आणि तुऱ्याच्या आधी थोडा. त्याच वेळी बुंध्याला मातीची भर लावा, नाहीतर एका वादळी रात्रीत सगळी ताटं आडवी.

अळीसाठी रोज सकाळी पोंग्यात, म्हणजे ताटाच्या मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, डोकवायची सवय ठेवा. लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि तिथून देशभर पसरली, पोंग्यात लाकडाच्या भुश्यासारखी घाण दिसली की ती आत आहे समजा, डोक्यावर उलटा वाय असतो. परसात साठ-सत्तर ताटं असतात, हातानं वेचता येते, पोंग्यात चिमूटभर राख किंवा बारीक रेती टाका. जंगलाजवळच्या सत्तरी तालुक्याकडे राहत असाल तर अळीपेक्षा साळिंदर, रानडुक्कर आणि माकडांची तयारी आधी करा, त्यावर माझ्याकडे उपाय नाही, कुत्रा आहे तो झोपतो.

दुकानातून आणायच्या सामानात तूरडाळ, गूळ, आमसुलं आणि तिरफळं लिहा, तिरफळं तर ऐनवेळी मिळत नाहीत. मक्याचं पीठ लिहाल तर नीट लिहा, कॉर्नफ्लॉवर वेगळं, तो नुसता पांढरा स्टार्च, सूप दाट करायला. भाकरीला पिवळं पीठ लागतं.

आणि यादीत खायचा चुना लिहा, पानाचा. हसू नका. मका मूळ मेक्सिकोचा, तिथं ९००० वर्षांपूर्वीपासून लावतात, आणि तिथले लोक वाळका मका चुन्याच्या पाण्यात शिजवूनच दळतात. मक्यातलं नायसिन म्हणजे ब ३ जीवनसत्त्व असं अडकून बसलेलं असतं की नुसतं दळून खाल्लं तर अंगाला लागत नाही, चुन्यानं ते सुटं होतं, वर कॅल्शियम मिळतं. मिरची, काजू, अननस घेऊन आली तीच पोर्तुगीज गलबतं मकाही घेऊन आली, पण चुन्याची युक्ती गलबतात कुणी चढवलीच नाही. युरोपात गरीब लोक रोज नुसता मकाच खाऊ लागले आणि त्यांच्या अंगावरची कातडी सोलवटायला लागली, तो पेलाग्रा, १७३५ मध्ये गास्पार कासाल या डॉक्टरनं स्पेनमध्ये त्याची पहिली नोंद केली. आपण डाळ-भात-मासे खातो, आपल्याला काही होणार नाही, पण चवीसाठी करून बघाच. एक किलो वाळका मका, तीन लिटर पाणी, चुना १० ग्रॅम, ओला असेल तर दोन चमचे. स्टीलचंच भांडं, अॅल्युमिनियमला चुना खातो. पाऊण तास उकळून रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी चोळून चोळून सालं काढायची, चार-पाच पाण्यांनी धुवायचं आणि रगड्यावर वाटायचं. त्या ओल्या पिठाची भाकरी तडकत नाही आणि वास असा येतो की शेजारीण विचारायला आली होती.

घरात शुगरवाले असतील तर एक गोष्ट ठरवून ठेवा. मक्याला भाजी समजून भाताबरोबर वाढू नका, ते धान्य आहे, कणीस खाल्लं तर भात कमी वाढायचा. शिजलेल्या १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ९५ कॅलरी, तीन ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि दोन-अडीच ग्रॅम तंतू, पांढऱ्या भातापेक्षा तंतू कितीतरी जास्त. पिवळ्या दाण्यात डोळ्यांना चांगले ल्युटिन आणि झिॲक्सॅन्थिन असतात, पांढऱ्या मक्यात ते जवळजवळ नाहीत. गहू सोसत नाही त्यांनाही चालतं. वजन उतरतं वगैरे फॉरवर्ड येतात ते सोडून द्या, लोणी फासलं की कुठलं वजन उतरतंय.

बाजारात मदतीला कुणाला पाठवाल तर "मक्याची कणसं" असं पूर्ण सांगा. आपल्याकडे नुसतं कणीस म्हटलं की भाताची लोंबी, राय गावात ५ ऑगस्टला आणि ताळगावला २१ ऑगस्टला कणसाचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, होतं ते भाताच्याच कणसांचं.

केस आल्यापासून वीस दिवस मोजा. केस तपकिरी सुकले, दाण्याला नख लावलं आणि दुधासारखा रस उडाला की तयार, पाणी आलं तर लवकर, पीठ लागलं तर उशीर झाला. सकाळी तोडा आणि त्याच दिवशी शिजवा, तोडल्यापासून गोडी कमी होतच जाते. खतखत्यासाठी दोन बोटं जाडीच्या चकत्या करायच्या, सुरी पुरत नाही, जाड कोयती दाण्यांवर ठेवून पाठीवर बत्ता मारायचा, आणि चकत्या डाळीबरोबरच आधी टाकायच्या म्हणजे बिट्टीतली, म्हणजे दाण्यांच्या आतल्या दांड्यातली, गोडी रसात उतरते. ताटं गाईला. दोन चांगली कणसं मात्र सालासकट, देठासकट वेगळी काढून ठेवा, आमच्या माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या लाकडी चौकटीत, ती सुपारीच्या घोसाशेजारी बांधतात आणि बांधायचा कुमयाच्या झाडाच्या सालीचा दोर आदल्या दिवशीच भिजत घालावा लागतो.