रॉडवरचा कोणता डाग कधी काढायचा

भुसावळला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर तांब्याच्या तारेचे वेढे आणि रात्री जेवण झाल्यावर ब्लँकवर, म्हणजे गळाच्या रॉडच्या ग्राफाइटच्या दांडीवर, नायलॉनच्या दोऱ्याचे. हतनूर धरणाच्या फुगवट्याला, चांगदेवकडे, गळ टाकणारी ओळखीची माणसं माझ्याकडून रॉड बांधून घेतात. कटला ओढतो तेव्हा जोर ब्लँकवर येतो, हे त्यांनाही माहीत आहे. तरी नवा रॉड हातात घेतला की प्रत्येक जण आधी गाइड (गळाची दोरी ओवायची कडी) बांधलेल्या दोऱ्यावरून बोट फिरवतो. तिथे एक खडा लागला की बोट परत परत तिथेच जातं. माझ्या हातून गेलेल्या रॉडवर असं व्हावं हे मला सहन होत नाही.

डाग निघतात, पण प्रत्येकाची वेळ असते. कोरड्या दोऱ्यावर जे काम नखाने होतं, त्यालाच दोऱ्यावर एपॉक्सीचा पारदर्शक लेप चढल्यावर ब्लेड लागतं.

सगळ्यात आधी ब्लँक उजेडात फिरवून बघा. ओरखडा दिसला तर त्यावर आडवं नख ओढा. नख न अडकता गेलं तर तो वरच्या लेपावरचा ओरखडा. त्यावर एपॉक्सीचा पातळ हात फिरला की दिसेनासा होतो, नाहीतर तिथे शोभेच्या दोऱ्याचा पट्टा घ्या. नख अडकलं, आतले तंतू दिसले, तर तो डाग नव्हे. ग्राफाइट नेमकं तिथेच मोडतं. अशा ठिकाणी पॉलिश पेपर मारून जागा गुळगुळीत करू नका आणि पट्ट्याखाली लपवूही नका. ज्याचा रॉड आहे त्याला दाखवा.

आता दोरा. वेढ्यांमध्ये फट राहिली तर उलगडायची घाई नको. गुळगुळीत चमच्याची पाठ घ्या आणि वेढे एकमेकांकडे हलक्या दाबाने सरकवा. चार-पाच फेऱ्यांत फट मिटते. गाइडच्या पायावर दोरा चढतो तिथे मात्र फट परत परत पडते, कारण पायाचं टोक बोथट असतं. ते आधीच कानशीने उतरतं करून घ्या. एवढं केलं की अर्धी कटकट संपते. शेवटचा दोरा फासातून ओढल्यावर बारीक शेपूट उरते. ती नव्या ब्लेडने कापा, आणि तरी लव दिसली तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत क्षणभर दाखवा. लायटर नको, काजळी धरते आणि पांढऱ्या-पिवळ्या दोऱ्यावर ती कायमची राहते.

एपॉक्सी लावण्याआधी ब्लँक आणि दोऱ्याजवळची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हाताचं तेल राहिलं तर एपॉक्सी तिथून मागे सरकते आणि माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा पडतो. भरताची वांगी सोलून आलेला हात धुतला तरी मी त्या हाताने दोरा शिवत नाही. सिलिकॉन स्प्रे तर त्या खोलीत मारायचाच नाही. खड्डा ओल्यातच दिसला तर ब्रशने एपॉक्सी परत त्यावर ढकला. तरीही सरकत राहिली तर सगळी पुसून काढा आणि नव्याने लावा.

एपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, मी तीन-तीन मिली घेतो, दोन वेगळ्या सिरिंजमध्ये, सिरिंजांवर खुणा करून. अदलाबदल झाली तर बाटल्याच खराब होतात. दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळायचं. फेटायचं नाही, फेटलं की हवा शिरते. मग मिश्रण फॉइलवर ओतून पसरवा. भांड्यात ढीग करून ठेवलं की ते स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ ला असताना, दुपारी हे काम करूच नये. मी पहाटे उठून करतो.

रॉड फिरवायला मायक्रोवेव्हच्या ताटाची मोटार लावली आहे, मिनिटाला पाच-सहा फेरे. ती कधी डावीकडे सुरू होते, कधी उजवीकडे. फरक पडत नाही. बुडबुडे दिसले की स्पिरिटचा दिवा खालून, थोडा लांबून, फिरत्या दोऱ्याजवळून नुसता पुढे न्यायचा. बघत राहिलात तर एपॉक्सी पाण्यासारखी सैल होते, बुडबुडा वर येतो आणि फुटतो. तो फुटला की दिवा बाजूला घ्यायचा. ज्योत एकाच जागी धरली तर एपॉक्सी आणि ब्लँक दोन्ही भाजतात. याच वेळी दोऱ्याखाली लोंबणारा थेंब ब्रशने उचलून घ्या. नाहीतर मधोमध फुगवटा राहतो, मुगाच्या डाळीसारखा. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या.

कूलरबद्दल मुद्दाम सांगतो. एका उन्हाळ्यात शेजारच्या नानांचा रॉड मी कूलर लावलेल्या खोलीत फिरवत ठेवला. सकाळी बघतो तर आठही गाइडवर दुधाळ साय आणि तिच्यात कूलरच्या जाळीतल्या गवताचे तंतू. दमट हवेत हार्डनरची अशी साय धरते. आमच्या घरात पावसाळ्यातही हेच होतं. त्या सायीवर लगेच पॉलिश पेपर घासू नका, ती आत चोळली जाते. आधी कोमट पाणी आणि साबणाच्या फडक्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग ६०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलकेच फिरवा.

वाळल्यावर हाताला लागणारा खडा किंवा तंतू नव्या ब्लेडने, ब्लेड आडवं धरून, खरवडा. मग तोच ६०० नंबरचा पेपर, अल्कोहोल आणि दुसरा पातळ थर. पेपर घासताना पांढरी पूड निघते तोवर ठीक; पुडीला दोऱ्याचा रंग आला की थांबा, दोरा लागला. दुसऱ्या दिवशीही एपॉक्सी चिकट असेल तर माप किंवा ढवळणं चुकलंय. पेपर लावू नका, बरोबर मिसळलेला थर वरून द्या. पण बोट रुतत असेल तर दोऱ्यासकट काढून नव्याने बांधावं लागतं. कापताना ब्लेड गाइडच्या पायावर धरा, ब्लँकवर कधीच नाही.

मुठीच्या कॉर्कमधले खड्डे सोपे आहेत. कॉर्क घासताना पडलेली पूड डबीत जपून ठेवा, पाण्यात न सुटणाऱ्या लाकडाच्या गोंदात कालवा आणि बोटाने खड्ड्यात दाबून भरा. गोंदामुळे भरलेली जागा गडद होते, म्हणून पूड कॉर्कपेक्षा फिकी निवडा. रात्रभर वाळली की आधी २२०, मग ४०० नंबरचा पेपर. घासण्याआधी शेजारच्या ब्लँकला मास्किंग टेपचे दोन वेढे द्यायला विसरू नका.

बनलेला रॉड मी तीन-चार दिवस तसाच आडवा ठेवतो. माणूस रविवारी तापीवर जायचं म्हणून शनिवारी मागायला आला, तरी देत नाही.